ताईच्या पानावर

रविवार, रात्री साडेअकरा

आज ताईचा वाढदिवस. ती गेल्यानंतरचा दुसरा.

मागच्या वर्षी फेसबुकनं सकाळीच सगळ्यांना आठवण करून दिली आणि दुपारपर्यंत तिच्या पानावर फुगे, शुभेच्छा यांची रीघ लागली. 'शतायुषी व्हा' असं एकानं लिहिलं होतं. त्याला कळलंच नव्हतं, त्याचा काय दोष? पण ते दोन शब्द दिवसभर टोचत राहिले. त्याच आठवड्यात मी तिचं खातं स्मृतिखातं, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी जपलेलं खातं, करायची विनंती फेसबुकला पाठवली. सोबत मृत्यूचा दाखला जोडताना हात अडला होता.

स्मृतिखात्याच्या वाढदिवसाची आठवण कुणाला जात नाही. यंदा तरीही नऊ जणांनी लिहिलं. नऊ जणांना ही तारीख आपणहून लक्षात होती! मी ती नावं पुन्हापुन्हा वाचली.

आपल्यामागे खातं कुणी सांभाळायचं ते आधीच नेमून ठेवायची सोय तिथे २०१५ साली आली. ताईनं माझं नाव घातलं आणि मला तसं सांगितलं, तेव्हा मी केवढी चिडले होते! "असलं अभद्र काय बोलतेस?" म्हणून विषयच तोडला. ती शांतपणे म्हणाली, "अगं, मागचं आवरायला कुणीतरी लागतंच की."

आवरणं म्हणजे तरी किती? पानाच्या माथ्यावर एक मजकूर कायमचा ठेवता येतो, फोटो बदलता येतो, मैत्रीच्या विनंत्या स्वीकारता येतात. तिच्या नावानं आत मात्र शिरता येत नाही, तिचे खासगी निरोप वाचता येत नाहीत. सुरुवातीला याचा फार राग यायचा. शेवटच्या महिन्यांत ती कुणापाशी काय बोलत होती, ते मला हवं होतं. आता वाटतं, बरं झालं. जे माझ्याशी बोलली नाही, ते तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं.

फोटोंची काळजी मात्र आहे. ते गुगलच्या खात्यात आहेत, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं. खातं बंद पडलं तर ते कुणाकडे जावं, हे नोंदवायची सोय तिथेही आहे. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. ताईनं ते केलं नव्हतं. मी कुटुंबीय म्हणून अर्ज केलाय, वाट बघतेय. जिओसिटीजसारखं, लोक इंटरनेटवर आपापली पानं मांडायचे ते अवाढव्य ठिकाण २००९ मध्ये बंद झालं आणि लोकांनी जीव ओतून केलेली लाखो पानं त्याबरोबर गेली. म्हणून तिच्याबद्दल कुणी काही लिहिलं की मी ते वहीत हातानं उतरवून घेते. कागदावर माझा जास्त विश्वास आहे.

आजचं शेवटचं उतरवलं ते तिच्या ऑफिसातल्या एका बाईंचं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्या रोज जिन्यात जाऊन रडायच्या. ताई यायची, काही न विचारता शेजारी पायरीवर बसायची. एक अक्षर बोलायची नाही.

माझी ताई, आणि गप्प? आमच्या घरात तिच्यापुढे कुणाला तोंड उघडायला मिळायचं नाही! मला आधी वाटलं, या बाईंची काहीतरी गफलत होतेय. मग राहवेना, त्यांना विचारलं, किती वेळ बसायची?

आत्ता उत्तर आलंय. 'मी उठेपर्यंत.'