आमची वाटचाल : उरलेले 21 ग्राहक

2009 साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका जिन्याखालच्या खोलीत आम्ही दोघांनी काम सुरू केलं. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याला कोड कळायचा, मला शेअर बाजार. ट्रेडर मंडळींना अॅमीब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरसाठी एएफएल, म्हणजे त्याच्या भाषेतली सूत्रं, लिहून द्यायची, एक्सेलच्या शीट बांधून द्यायच्या, हा धंदा. कोड लिहिणं अवघड नव्हतं, डेटा आणायचा कुठून हीच रोजची चिंता होती. अधिकृत विक्रेत्याच्या लाइव्ह फीडची, म्हणजे बाजार चालू असताना सतत येणाऱ्या भावांची, वर्गणी दर महिन्याला भरायची आमची ऐपत नव्हती.

म्हणून आम्ही भावकॉपीवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) रोज काढतो त्या दिवसाच्या भावांच्या फाइलवर, उभे राहिलो. ती फुकट आणि खात्रीची. संध्याकाळी झिप उतरवायची, ईक्यू सिरीज, म्हणजे साध्या शेअरांच्या ओळी, वेगळी काढायची, आधीच्या फाइलला जोडायची. कंपनीने बोनस शेअर दिले किंवा शेअरचे तुकडे (स्प्लिट) केले की भाव त्या प्रमाणात उतरतो, पण भावकॉपीत बोनस-स्प्लिटचा हिशेब नसतो, जुने भाव तसेच राहतात. त्यासाठी भागीदाराने लाल पुठ्ठ्याची एक वही घातली होती: तारीख, कंपनी, गुणोत्तर. त्या वहीवरून मागचे भाव भागले जायचे. दिवसभराचे भाव ब्रोकरच्या टर्मिनलमधून आरटीडी लिंकने, म्हणजे भाव आपोआप बदलत ठेवणाऱ्या जोडणीने, एक्सेलमध्ये घ्यायचो. पहिल्यांदा सगळे सेल एकदम हलायला लागले, त्या दिवशी आम्ही जेवायला गेलोच नाही.

पैसे देणारे पहिले ग्राहक म्हणजे इचलकरंजीचे एक सूत व्यापारी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पेन ड्राइव्ह घेऊन ते एसटीने यायचे आणि प्रत्येक बंद भाव पेन्सिलीने ताडून बघायचे. एकदा म्हणाले, “तुमचा बंद भाव पेपरशी जुळत नाही.” आम्ही हसण्यावारी नेलं. नंतर बघितलं तर चूक आमची होती. साडेतीनचा शेवटचा सौदा आम्ही बंद भाव म्हणून धरत होतो. एनएसईचा बंद भाव तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची शेअरसंख्येनुसार काढलेली सरासरी असायचा. भावकॉपीत ‘क्लोज’ आणि ‘लास्ट’ हे दोन स्तंभ वेगळे असतात ते म्हणूनच. बारा महिने आमच्या शीट चुकत होत्या आणि ते सापडलं सुताचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला.

पुढे काम वाढलं आणि आम्ही आळसावलो, हे कबूल करतो. बोनस-स्प्लिट धरून तयार केलेला इतिहास एका परदेशी संकेतस्थळावरून फुकट उतरवता यायचा. 2013 मध्ये लाल वही बंद झाली. मे 2017 मध्ये ती फुकटची वाट एका रात्रीत बंद झाली. सकाळी नऊपासून फोन सुरू. आमचे 140 ग्राहक होते आणि सगळ्यांचे चार्ट अर्धवट.

त्याच आठवड्यात, आमच्याचकडे वर्षभर शिकून गेलेल्या मुलाने 1,500 रुपयांत आयुष्यभराचा लाइव्ह फीड विकायला काढला. ब्रोकरकडच्या एका लॉगिनचा डेटा तो शेकडो जणांना वाटत होता. ब्रोकरचा डेटा ज्याच्या खात्यावर येतो त्याच्यापुरताच असतो, पुढे वाटायची परवानगी नसते. हे मीच त्याला शिकवलं होतं. वर, आम्ही दुकान बंद करतोय असं त्याने लोकांना सांगितलं. जुलैपर्यंत 21 ग्राहक उरले. भागीदाराच्या घरी लहान मूल होतं, त्याने पुण्यात नोकरी धरली. त्याच्यावर माझा राग नाही. त्या मुलावर आहे, आजही.

अण्णा आले आणि तीन वर्षांची वर्गणी आगाऊ ठेवून गेले. म्हणाले, “वही परत सुरू करा.”

चार महिने रात्री बसून 2009 पासूनची प्रत्येक भावकॉपी मी पुन्हा जोडली. वहीत चार वर्षांनी पहिली नोंद केली ती सप्टेंबर 2017 ची : रिलायन्स, एकास एक बोनस. ती नोंद नसती तर चार्टवर भाव रातोरात निम्मा झालेला दिसला असता. त्या मुलाचा फीड आठ महिन्यांत बंद पडला. लोक परतले. त्याचा फोन मात्र कधी आला नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. ब्रोकरांनी एपीआय, म्हणजे आपल्या कोडने थेट डेटा घ्यायची सोय, खुले केले, आता काही जण ते फुकट देतात. नव्या पोरांना मी सांगतो, आधी ठरवा की तुम्हाला टिक, म्हणजे क्षणाक्षणाचे भाव, खरंच लागतात का. रोजच्या भावावर चालणाऱ्या पद्धतीला भावकॉपी पुरते. ब्रोकरच्या वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या इंटरनेट जोडणीवरून, येतात ते ठरावीक अंतराने घेतलेले भाव, प्रत्येक सौदा नव्हे. त्यामुळे तुमच्या कँडलचा (चार्टवरच्या एका पट्टीचा) हाय-लो, म्हणजे वरचा-खालचा भाव, शेजाऱ्याशी जुळला नाही तर घाबरू नका. तिथला व्हॉल्यूम, म्हणजे सौदे झालेल्या शेअरांची संख्या, बहुधा दिवसभराची बेरीज असतो, आधीच्या बेरजेची वजाबाकी तुम्हीच करायची. टोकनची, म्हणजे प्रत्येक शेअरच्या ओळख क्रमांकांची, यादी रोज सकाळी नवी उतरवा. आणि बाजार बंद व्हायची वेळ कोडमध्ये ठोकून बसवू नका. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसई 11:40 ला थांबली आणि 3:45 ते 5 पुन्हा चालली. आमच्या कोडने साडेतीनला शटर ओढलं होतं. अण्णांनीच विचारलं, “शेवटचा सव्वा तास कुठं गेला?”

8 जुलै 2024 पासून जुन्या साच्यातली भावकॉपी बंद झाली. फाइलचं नाव, स्तंभांची नावं, सगळं नवं. आदल्या रविवारी रात्री पुण्याहून भागीदाराचा फोन आला. सात वर्षांत धंद्याबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता.

“वाचणारा कोड बदललास?”

“बदलला.”

“आणि वही?”

ती समोरच उघडी होती.