चौथा रकाना

नर्सिंग शिकताना फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या, पहिल्या तासाला आमच्या मॅडमनी पुस्तक उघडलंच नाही. प्रत्येकीला एक जाड वही आणायला सांगितली होती. तिचं पान आडवं धरायचं आणि चार रकाने आखायचे. पहिल्यात औषधाचं नाव आणि गट, दुसऱ्यात ते शरीरात काय करतं, तिसऱ्यात डोस आणि मार्ग. चौथ्या रकान्याचं शीर्षक त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘मी काय बघेन?’ आणि हा रकाना बाकीच्या तिघांच्या बेरजेएवढा रुंद ठेवायला लावला. स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा वसतिगृह, शपथविधी, पहिली नाईट ड्यूटी असं पुष्कळ मनात येऊन गेलं. पण लिहायला बसले आणि हा रकानाच डोळ्यांसमोर राहिला.

पहिले तीन रकाने पुस्तकातून उतरवता यायचे. चौथ्यात आम्ही सगळ्या एकच वाक्य लिहायचो, ‘पेशंटवर लक्ष ठेवणे.’ मॅडम ते लाल शाईने खोडायच्या आणि विचारायच्या, “लक्ष कशावर? श्वासावर, लघवीवर, कानांवर, नाडीवर? आणि किती झालं की हात थांबवशील?” आकडा लिहिल्याशिवाय पान तपासून मिळत नसे. मग हळूहळू पानं भरायला लागली. मॉर्फिन: देण्याआधी श्वास मोजायचे, मिनिटाला १२ च्या खाली असतील तर द्यायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं, त्याचा उतारा नॅलोक्झोन कुठे ठेवलंय ते माहीत हवं. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक: कानात आवाज येतो का, चक्कर येते का, लघवी कमी झाली का, मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनीन किती. रक्त गोठू न देणारं हेपारिन: रक्तस्रावासाठी हिरड्या, लघवीचा रंग, सुई टोचलेल्या जागा, उतारा प्रोटामिन.

मॅग्नेशियम सल्फेटचं पान मात्र मॅडमनी दोन तास शिकवलं. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा जीव वाचवणारं हे औषध, आणि जास्त झालं तर श्वास थांबवणारंही हेच. ते जवळजवळ सगळं मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. म्हणून लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली की औषध अंगात साठायला लागतं. आधी गुडघ्याचा झटका, म्हणजे नी जर्क, नाहीसा होतो आणि त्यानंतर श्वास मंदावतो. हा क्रम समजला की हातोडी, घड्याळ आणि युरीन बॅग या तीन गोष्टी त्या बाईच्या खाटेजवळ का लागतात हे पाठ करावं लागत नाही. ट्रेमध्ये उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्युल आधी ठेवायची, औषध मग लावायचं. मी लेबर रूममध्ये कितीतरी वर्षं काढली. हा क्रम मला कधीच आठवावा लागला नाही, तो हातातच होता.

पण तो रकाना मला खऱ्या अर्थाने कळला तो दुसऱ्या वर्षी, मेडिसीन वॉर्डात.

सकाळच्या औषधांची वेळ होती. हृदयाची ताकद कमी झालेले एक वयस्कर आजोबा होते. त्यांना रोज हृदयाचं औषध डिगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम आणि सोबत लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड चालू होतं. डिगॉक्सिनआधी नाडी बघायची हे मला ठाऊक होतं. मी मनगट धरलं, पंधरा सेकंद मोजले, चारने गुणलं. ६४ आली. मोठ्या माणसाला ६० च्या खाली असेल तर द्यायचं नाही, हा नियम पाठ होता. मी गोळी कपात काढली. मॅडम मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आजोबांची नाडी एकसारखी चालते का?” मी म्हटलं, “नाही मॅडम, मागेपुढे होते.” “मग पंधरा सेकंदांत तुला काय कळलं?”

त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला, आजोबांच्या छातीवर हृदयाच्या टोकाशी ठेवला आणि स्वतः घड्याळ धरून उभ्या राहिल्या. पूर्ण एक मिनिट. तेवढं लांब मिनिट मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. ठोके भरले ५२. मग मॅडमनी आजोबांना विचारलं, “आजोबा, जेवण जातंय का?” ते म्हणाले, “दोन दिवस झाले, मळमळतंय बघा. आणि भिंत अशी पिवळट दिसते.” हे त्यांनी आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी गोळी परत ठेवायला लावली, इनचार्ज सिस्टरना आणि डॉक्टरांना सांगितलं, चार्टवर डोस का थांबवला ते माझ्याकडून लिहून घेतलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पोटॅशियम २.९ होतं, म्हणजे कमी.

दुपारी वर्गात त्या औषधाचं पान पुन्हा उघडलं. पेशीच्या भिंतीवर सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो. डिगॉक्सिन आणि पोटॅशियम दोघांनाही त्याच पंपावर जागा हवी असते. फ्युरोसेमाइडने लघवीवाटे पोटॅशियम निघून गेलं की जागा मोकळी होते आणि तोच डोस जास्तीचा ठरतो. शिवाय मूत्रपिंड चांगलं असलं तरी डिगॉक्सिनची हाफ लाइफ, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, ३६ ते ४८ तास. वयाने मूत्रपिंड थकलेलं असेल तर आणखी जास्त. म्हणजे आज गोळी थांबवली तरी पुढचे काही दिवस नाडी मोजत राहायचं. मग मॅडमनी विल्यम विदरिंगबद्दल सांगितलं. ज्या वनस्पतीपासून हे औषध आलं त्या फॉक्सग्लोव्हवर त्याने १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. जास्त मात्रेने मळमळ होते, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरते, असं त्याने तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं. त्याच्याकडे ना रक्ताची तपासणी होती ना ईसीजी. तो पेशंटजवळ बसून बघत होता आणि विचारत होता.

त्या दिवशी मला एक गोष्ट टोचली, ती आजही टोचते. आम्हाला पाच ‘योग्य’ शिकवलेले होते: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्या सकाळी माझे पाचही बरोबर होते. नाव विचारलं होतं, केसपेपर जुळवला होता, गोळी तीच, मात्रा तीच, वेळ तीच. तरीही ती गोळी देणं चूक ठरलं असतं. पाच ‘योग्य’ हे आदेश आणि हात यांचा मेळ घालतात. आदेश काल दिलेला असतो आणि पेशंट आजचा असतो. मधल्या रात्रीत काय बदललं हे चौथ्या रकान्याशिवाय कळत नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना औषधशास्त्र एवढं खोल कशाला, असं अजूनही काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. पंप कसा चालतो हे माहीत नसेल तर ‘भिंत पिवळट दिसते’ हे वाक्य कानावरून निघून जातं.

मॅडम त्या दिवशी मला रागावल्या नाहीत. घडलं ते सगळं कागदावर लिही आणि उद्या वर्गात वाच, एवढंच म्हणाल्या. वाचताना माझा आवाज कापत होता. संपल्यावर त्यांनी विचारलं, “आणखी कुणाचं असं झालंय?” आधी कुणी बोललं नाही, मग एकेक हात वर आले. चूक होता होता राहिली तरी सांगायची, ही सवय तिथे लागली. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली. त्याबद्दल वाचताना मला आमचा तो वर्ग दिसला.

लिहिण्याबाबतही मॅडम फार कडक होत्या. ‘.५’ लिहायचं नाही, ‘०.५’ लिहायचं, टिंब पुसट झालं तर दहापट डोस जातो. ‘५.०’ लिहायचं नाही, नुसतं ‘५’. युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ कधीच नाही, पूर्ण शब्द. नोकरीला लागल्यावर एका रात्री मला इन्सुलिनचा आदेश मिळाला, आकड्याला चिकटून ते ‘यू’. ‘यू’ शून्यासारखं दिसत होतं; ४ की ४०, कळेना. फोन केला. पलीकडून त्रासिक आवाज आला, पण उत्तर ‘चार’ आलं. आदेश पुन्हा नीट लिहून घेतला, मगच सुई टोचली. इन्सुलिनच्या सिरिंजचंही तसंच. मिलीला ४० युनिटच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं म्हणजे अर्धा मिली. व्हायल जर मिलीला १०० युनिटची असेल तर तेवढ्यात ५० युनिट गेले, अडीचपट! म्हणून व्हायल आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून दोघींनी मोठ्याने वाचायचं. आणि पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल वॉर्डच्या ट्रॉलीत पाण्याच्या अँप्युलशेजारी मी कधी राहू दिली नाही; ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पाठ सुटली म्हणून दोनदा शिवून घेतली. पानं संपल्यावर मागे नवे कागद जोडले, कारण आम्ही शिकलो तेव्हा नसलेली कितीतरी औषधं आता रोज हातात येतात. गेल्या महिन्यात एका नव्या औषधाचं पान घातलं. पहिले तीन रकाने सोबतच्या माहितीपत्रकावरून एका बसणीत भरले. चौथ्यात आतापर्यंत दोनच ओळी झाल्यात. दुसरी ओळ एका पेशंटने पहाटे चार वाजता सहज बोलताना सांगितलेल्या गोष्टीवरून लिहिली आहे. खालची जागा कोरी ठेवली आहे.