शंभरचं टाका

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि रोज स्कूटर चालवते. त्यामुळे हा प्रश्न मला पालक सभेत, लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, कुठेही गाठतो : "मॅडम, प्रदूषण कमी व्हावं म्हणून पेट्रोलवरचा कर वाढवावा का?" उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

वाढवावा, असं माझं मत आहे. पण प्रदूषणाच्या नावाने घेतलेला पैसा हवेसाठीच खर्च होताना लोकांना दिसला पाहिजे. तसं होणार नसेल, तर माझं उत्तर 'नको' असं आहे.

आधी हवेबद्दल. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या रस्त्याच्या बाजूला. सकाळी ओल्या फडक्याने ग्रिल पुसायला घेतलं की वर मेट्रोच्या आणि नव्या टॉवरांच्या कामाची करडी धूळ असते, ती एका हातात निघते. तिच्याखाली एक काळा, चिकट थर असतो. तो पुसला की पसरतो, साबण लावल्याशिवाय सुटत नाही. ती काजळी मुख्यतः डिझेलची. न्हावा शेवा बंदराकडून गुजरातला निघालेले कंटेनर रात्री गायमुखच्या घाटाकडे कण्हत कण्हत जातात, ती त्यांची. पेट्रोलचा धूर ग्रिलवर असा दिसत नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं माजिवड्याच्या सिग्नलला थांबलेल्या माणसाच्या छातीत जातात, आणि जळलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे फक्त पेट्रोल महाग केल्याने ठाण्याची हवा स्वच्छ होईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डिझेल आणि बांधकामाची धूळ यांचा बंदोबस्त वेगळाच करावा लागेल.

तरीही मी कराच्या बाजूने का? माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. स्टेशनपर्यंत चालत जायचे, पुढे लोकल. शेवटची काही वर्षं श्वासाचा पंप त्यांच्या उशाशी असायचा. त्यांचा दमा नेमका कुणाच्या धुराने वाढला हे कुणीच सांगू शकणार नाही, पण पंपाचे पैसे आम्ही भरले, धूर सोडणाऱ्याने नाही. आर्थर पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२० साली हेच मांडलं : दुसऱ्याला सोसावा लागणारा खर्च करणाऱ्याच्या किमतीत यायला हवा, आणि तो करातून आणता येतो. बारावीला हे शिकवताना मला आजही सासऱ्यांची ती उशी आठवते.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, पेट्रोलवर कर काय कमी आहे? अजिबात कमी नाही. पेट्रोल अजून जीएसटीत नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला २१ रुपये ९० पैसे झालं. राज्याचा व्हॅट मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत जुलै २०२४ पासून २६ वरून २५ टक्क्यांवर आला, त्यावर लिटरला ५ रुपये १२ पैसे आणखी. सगळं धरलं तर तेव्हा तुमच्या शंभर रुपयांतले चाळीसहून जास्त करातच जात होते. पण यातला एकही पैसा प्रदूषणाच्या नावाने घेतलेला नाही. केंद्राच्या शुल्कात रस्त्यांसाठी उपकर आहे, शेतीच्या पायाभूत सुविधांसाठी आहे. हवेसाठी नाही.

हा कर कुणाच्या खिशातून जातो, ते मला एकदा कापूरबावडीजवळच्या पंपावर दिसलं. माझ्या पुढे माझाच एक जुना विद्यार्थी उभा होता, पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग.

"शंभरचं टाका," तो म्हणाला. मीटर लिटरच्या आतच थांबला. त्याने मागे वळून पाहिलं. "मॅडम, मी कायम शंभरचंच टाकतो. भाव वाढला तर फेरी कमी होत नाही, फक्त पंपावर लवकर परत यावं लागतं."

मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, ते मी फळ्यावर इतकी वर्षं काढतेय, पण इतक्या थोडक्यात कधी सांगता आली नाही. ज्याचं पोट गाडीवर आहे तो उद्या भाव वाढला म्हणून गाडी बंद ठेवत नाही. कराचा परिणाम होतो तो पुढची गाडी घेताना, घर कुठे घ्यायचं हे ठरवताना, दुसरी कार हवी का याचा विचार करताना. त्याला वर्षं लागतात. तोवर पैसे भरतो तो हा मुलगा. २०१३-१४ च्या सर्वेक्षणात देशातलं सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींमध्ये जात असल्याचं दिसलं होतं. आमच्या सोसायटीतल्या मोठ्या गाड्यांना हा कर जाणवतही नाही, आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला तो थेट बसत नाही. बसतो तो मधल्याला. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इंधनावरच्या करावरून लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरले, तेही शहराबाहेर राहणारे आणि गाडीशिवाय पर्याय नसलेले होते.

माझी अट यातून आली आहे, आणि आपल्याच देशाच्या एका अनुभवातूनही. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला, स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. तो वाढत वाढत २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती रक्कम राज्यांना बुडालेल्या कराची भरपाई देण्याकडे वळली. कल्पना उत्तम होती, पैसाही जमला, पण स्वच्छ ऊर्जेच्या हातून तो निसटला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढच्या वेळी 'हा पैसा हवेसाठी आहे' असं कुणी म्हणालं तर लोकांनी ते खरं का मानावं?

शिवाय आपण उलट दिशेने चाललो आहोत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. कारवाल्याला सवलत आणि बसवाल्याला वाढ, हे मला पटत नाही. ज्या ठाण्यात १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी आली, तिथे सकाळी बसची खात्री नाही म्हणून माझ्यासारखी बाई स्कूटरची किल्ली उचलते.

म्हणून किती आणि कसा, तेही सांगते. लिटरमागे एक रुपया, दरवर्षी, निदान पाच वर्षं, आणि आधीपासून जाहीर करून, म्हणजे नवी गाडी घेणाऱ्याला हिशोब करता येईल. पैसा वेगळ्या खात्यात, आणि त्यातून आलेल्या बसवर तसं लिहिलेलं. पहिली वाढ लागू व्हायच्या आधी घोडबंदर रोडवर जादा बस धावल्या पाहिजेत, नंतर नव्हे.

बसने माझं काम होईल, त्या मुलाचं होणार नाही. पंपाच्या नळीला समोर स्कूटर आहे की मोटार ते कळत नाही, त्यामुळे त्याच्याकडून कर घेतला जाणारच, आणि तो दुसऱ्या वाटेने परत द्यावा लागेल. झारखंडने २०२२ मध्ये रेशनकार्ड असलेल्या दुचाकीवाल्यांसाठी लिटरला २५ रुपये, महिन्याला १० लिटरपर्यंत, थेट खात्यात देण्याची योजना आणली होती. मी पेट्रोलसाठी देणार नाही. तेच पैसे मी त्याच्या बॅटरीवरच्या गाडीच्या हप्त्याला लावीन. हे त्याला पंपावरच सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "चार्जिंग कुठे करू मॅडम? आमच्या चाळीत एकच मीटर आहे, तोही घरमालकाचा."

त्यामुळे माझ्या यादीत आता चाळीतली चार्जिंगची सोयही आहे, बसच्या लगेच खाली.