गाजराला तिसऱ्या फेरीतही पाय फुटले; बीट मात्र जमलं

कागदी कपात रोपं करून कपासकट जमिनीत लावलेल्या गाजरांची तिसरी फेरी काल उपटली. २४ गाजरांपैकी १९ दुपायी, २ तीनपायी आणि सरळ फक्त ३. गेल्या वेळचे दोन्ही संशयित यावेळी नव्हते: शेणखत पूर्ण कुजलेलं होतं आणि खानापूरकडची तांबडी माती चाळून खडे काढलेले होते.

उलगडा झाला तो ट्रेमध्ये उरलेला एक कप फाडल्यावर. वरती रोप जेमतेम दोन बोटं, दोन खरी पानं (बीजपानांनंतर येणारी). खाली मात्र सोटमूळ ७ सेंमीचा कप संपवून बुडाच्या चारपदरी घडीवर आपटलेलं आणि छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं. गाजराचं मूळ पाल्याच्या फार आधी धावतं. टोक अडलं किंवा दुखावलं की बाजूची मुळं जाड होतात, तेच हे पाय. कागद जमिनीत कुजतो हे खरं, पण तोवर गाजराचा आकार ठरून गेलेला असतो.

म्हणून आता बूडच नाही. ३ सेंमी जाडीच्या पाइपाभोवती वर्तमानपत्राचे दोनच वेढे, उंची १५ सेंमी, कणकेच्या खळीचा एक ठिपका. नळ्या डब्यात ओल्या वाळूवर खेटून उभ्या करायच्या. भरण: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग वाळू. कोकोपीट दोनदा भिजवून पिळायचंच, खार निघतो. नळीत तीन बिया, अर्धा सेंमी खोल. जादा रोपं कात्रीने कापायची. उपटली तर शेजारच्याचं मूळ हलतं. पहिलं खरं पान डोकावलं की लगेच लावण, दुसऱ्याची वाट बघायची नाही. पहारीने १८ सेंमी भोक पाडून नळी सोडायची आणि कागदाची कड मातीखाली गाडायची. कड वर राहिली तर ती वातीसारखी ओल ओढते आणि मूळ कोरडं पडतं. काळ्या रानात माती आकसून नळीभोवती फट पडते, ती बारीक खताने बुजवा.

विकतचे काथ्याचे कप मिरची-टोमॅटोला ठीक. गाजराला नकोत, भिंती हंगामभर तशाच राहतात.

बीट! ३० पैकी २८ जगली, तीही पळसाच्या उथळ द्रोणात. बिटाचं एक बी म्हणजे बियांचा झुबकाच, त्यातून दोन-चार कोंब येतात; एकच ठेवायचा. चार पानांवर लावण, अंतर १० सेंमी. गड्डा मुख्यतः मुळाच्या वरच्या भागात फुगतो, त्यामुळे खालचं टोक वळलं तरी फारसं बिघडत नाही. मुळ्यासाठी कप करूच नका. थेट पेरा, दीड महिन्यात काढा.

हे लिहितानाच परसातली पपई दिसली. तिच्या पानाचा देठ आतून पोकळ, म्हणजे आयती नळी! आता सगळ्या नळ्या कागदाच्या नकोत. १२ कागदाच्या, १२ पपईच्या देठाच्या (चीक आहे, दोन दिवस सुकवून) आणि शेजारी १२ थेट पेरलेली. देठ लावणीआधीच सडला तर तेही कळेल. वाळू आजच चाळायला घेतलीय.