कॅबिनेटला कल्हई

कॉम्प्युटरच्या खोक्याला आमच्या घरात तीन नावं आहेत. मुलगी त्याला केस म्हणते, मी कॅबिनेट म्हणतो आणि आई सीपीयू. खरा सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली दडलेली, बिस्किटाएवढी चौकोनी चिप. पण बँकेतल्या साहेबापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे अख्ख्या खोक्यालाच सीपीयू म्हणत असतील, तर आईला चूक कोण ठरवणार? माझ्या शब्दाची अडचण वेगळी. "उद्या कॅबिनेटमध्ये जरा फेरबदल करायचेत" असं मी म्हटलं, की आई बातम्यांचा आवाज वाढवते.

हे कॅबिनेट २००३ सालचं. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून असेंबल करून घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं. बाहेरून बदामी, आतून नुसता राखाडी पत्रा. एवढ्या वर्षांत त्याच्यात तीन मदरबोर्ड (बाकीचे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) नांदून गेले, खोकं मात्र तेच. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं, बोर्डाची भोकं कुठे आणि मागची खिडकी केवढी ते पक्कं केलं, त्यामुळे आजचा बोर्डही या म्हाताऱ्या घरात निमूट बसतो. शिवाय तेव्हाचा पत्रा जाड. हल्लीच्या कॅबिनेटची एक भिंत काचेची असते आणि आत रंगीत दिव्यांची अशी काही झगमग, की गणपतीत एखाद्या मंडळाला ते सरळ मांडवात ठेवता यावं. आमच्या कॅबिनेटला काच नाही. दोन्ही बाजूंना ठार बंद पत्रे.

आणि मला ते आतून रंगवायचं होतं.

"बाबा, पण दिसणार कुठे?" मुलगी म्हणाली. "हॉलच्या भिंतीला ओल आलीय, ती दिसते," बायको म्हणाली. दोघींचंही म्हणणं बिनतोड होतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलत होतो, की पत्रा उघडा राहिला तर गंजतो, वगैरे. (तो गंजत नाही. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.) तेवढ्यात शेंगा सोलता सोलता आई म्हणाली, "म्हणजे कल्हईच की."

त्या एका शब्दानं माझी बाजू एकदम भक्कम झाली. आईचं लहानपण कसब्यातलं, तांबट आळीच्या हाकेच्या अंतरावरचं. सकाळी उठायचं ते तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांच्या ठोक्यांनी. कल्हईवाला वाड्याच्या दारात खड्डा करून भाता लावायचा, तो प्रकार तिनं इतक्या वेळा सांगितलाय की मी न बघताही बघितल्यासारखा आहे. भांडं लाल व्हायच्या बेतात तापवायचं, आत नवसागराची चिमूट टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झर्रकन आतून फिरवायचं. काळपट पितळ बघता बघता चांदीसारखं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून ते एवढ्याशा भात्याच्या आचेवर जमतं. नवसागराचं काम धातूवरचा मळ आणि काट खाऊन टाकण्याचं. तो खाल्ल्याशिवाय कथील धरतच नाही. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर भांड्याच्या आतल्या बाजूसाठी. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. बाहेरून भांडं चिंचेनं घासा, न घासा, तुमची हौस. आतून मात्र कल्हई हवीच. पातेल्यात वाकून "आत कोण बघणार" असं कल्हईवाल्याला कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता कॅबिनेटमध्ये ताक ठेवत नाहीत, हा मुद्दा बायकोनं काढलाच. पण तोवर विषय मंजूर झाला होता.

खरं सांगायचं तर ही माझी तिसरी खेप. पहिल्यांदा मी खिडक्यांच्या ग्रिलचा उरलेला ऑइलपेंट ब्रशनं सरळ पत्र्यावर फासला होता. दिवाळीला झकास दिसला. होळीपर्यंत पोपडे निघायला लागले, आणि निघाले तेही कसे, तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे, अख्खेच्या अख्खे. आमच्या रस्त्यावर डेंटिंग-पेंटिंगचं एक गॅरेज आहे. तिथल्या रंगाऱ्याला पत्र्याचा तुकडा दाखवला. त्यानं नखानं खरवडून बघितला आणि म्हणाला, "साहेब, हा जस्ताचा पत्रा. ऑइलपेंट याला धरत नाही." त्याचं कारण मी नंतर शोधून वाचलं. त्या रंगातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होते आणि मध्ये साबणासारखा थर तयार होतो. म्हणजे सहा महिने माझ्या रंगाखाली गुपचूप साबण बनत होता. पाय घसरणारच.

"याला आधी एच प्रायमर मारा," तो म्हणाला. मी बरेच दिवस हा एच म्हणजे एबीसीडीतला एच समजत होतो आणि बोहरी आळीत जाऊन "एच नसेल तर दुसरा कुठला अक्षराचा आहे?" असंही विचारून आलो. दुकानदारानं उत्तर दिलं नाही. रविवार पेठेतल्या त्या आळीत खिळ्यापासून कुलपापर्यंत सगळं मिळतं, पण बावळटपणाला सवलत मिळत नाही. मग कळलं की हा एच म्हणजे एचिंगमधला, पत्र्याला किंचित खाणारा. त्यात आम्ल असतं, ते जस्तावर बारीक चरे पाडतं आणि त्या चऱ्यांत रंग पाय रोवतो. आई म्हणाली, "नवसागर." मी म्हटलं, तेच ते.

दुसरी खेप श्रावणात फसली. प्रायमर बरोबर, स्प्रेचा डबाही चांगला, पण हवा ओली. स्प्रेमधलं पातळ भराभर उडून जातं तसा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं दव त्या ओल्या रंगातच धरतं. रंगावर दुधाळ साय आली. लाल रंगाचा सोलकढीसारखा अवतार झाला. तेवढ्यावरून भोसरीला एका पावडर कोटिंगवाल्याकडेही जाऊन आलो. तिथे कोरडी पावडर विजेच्या भारानं पत्र्यावर चिकटवतात आणि दोनशेच्या आसपास अंशांच्या भट्टीत भाजून काढतात. पाऊस असो नसो, काम चोख. त्यानं माझ्या हातातल्या खोक्याकडे बघून विचारलं, "किती जॉब आहेत?" मी म्हटलं, "हा एकच." त्यानं मला चहा पाजला आणि परत पाठवलं.

म्हणून या वेळी पाऊस परतण्याची वाट बघितली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गच्चीवर पथारी मांडली. पहिलं काम उघडण्याचं. खोकं तसंच ठेवून आतून स्प्रे मारला, तर कोपऱ्यात फवारा उलटून अंगावर येतो आणि कडेला ओघळ सुटतात. तेव्हा रिबेटा काढायच्या. ३.२ मिलिमीटरचं ड्रिल रिबेटच्या डोक्यावर धरलं की डोकं आपोआप गोल गोल फिरत निसटतं. यातलं सुख शब्दांत सांगता येत नाही, शेजाऱ्यांना मात्र ऐकू जातं. पत्रे वेगळे झाले. मधल्या मोठ्या पत्र्यावर धुळीखाली मार्करनं लिहिलेले दोन शब्द सापडले, "अर्जंट आहे". तापकीर गल्लीतल्या त्या मेकॅनिकचं अक्षर. मला घाई असल्याचं मी तेव्हा सांगितलं असणार. कशाची घाई होती, ते काही केल्या आठवेना.

१९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या खोक्यात, आतल्या बाजूला, तो बनवणाऱ्यांच्या सह्या आहेत. फेब्रुवारी १९८२ मध्ये सगळ्यांनी एका मोठ्या कागदावर सह्या केल्या आणि त्या साच्यात कोरून घेतल्या. ते खोकं उघडायला लांब दांड्याचा खास पाना लागायचा, त्यामुळे ज्यांनी विकत घेतलं त्यातल्या बहुतेकांना त्या कधीच दिसल्या नाहीत. आमच्या वाट्याला "अर्जंट आहे" आलं. मी त्यावर मास्किंग टेप लावून टाकली.

मास्किंग हाच या कामातला नाजूक भाग, आणि बहुतेक लोक तिथेच कंटाळतात. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्यांच्या भोकांना रंग लागू द्यायचा नाही. एक तर आट्यांत रंग भरला की स्क्रू आवळत नाही. दुसरं म्हणजे बोर्डाच्या भोकांभोवती जी चकचकीत कडी असते ती खुंटीतून पत्र्याला टेकते आणि तिथून अर्थिंग होतं. रंग म्हणजे विजेच्या दृष्टीनं भिंत. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, जिथे पत्र्याला आवळतात, तिथेही हेच. आता पत्र्यातल्या भोकाएवढे गोल टेपमधून कापायचे कसे? नखाएवढे दोन कापले, ते लंबगोल झाले. शेवटी मुलीनं बायकोच्या ड्रॉवरमधून टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. मापात गोल, मागे गोंद, सोलून निघणाऱ्या. नऊ भोकांना नऊ टिकल्या लावल्या, एसएमपीएसच्या चार कोपऱ्यांना चार. पत्रा एकदम हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसायला लागला.

घासणं कंटाळवाणं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४०० चा, मग थिनरचं फडकं. त्यानंतर बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेलही रंगाला पुरतं.

रंग कुठला, यावर दोन दिवस चर्चा झाली होती. डब्यावर जे नाव छापलं होतं ते इंग्रजी आणि झाकणाचा रंग वेगळाच. पुठ्ठ्यावर मारून बघितला. मी म्हटलं मरून. आई म्हणाली, "मरून काय? डाळिंबी आहे तो." बोर्ड हिरवा होता. हिरव्याच्या मागे डाळिंबी म्हटल्यावर तिनं मान डोलावली. इरकलीच्या पदराची आठवण काढली आणि वर म्हणाली, "काठ मात्र बारीक ठेव." काठ कशाचा, ते मी विचारलं नाही.

रंगाऱ्याची शिकवण एकच होती, हात पातळ मारा. आपल्याकडे रंगाचे थर नसतात, हात असतात. भिंतीला दोन हात, दाराला तीन हात. "जाड एक हात मारला की ओघळणार, पातळ चार मारा. हात आखडता ठेवायचा." अंतर वीतभर. डबा आधी मिनिटभर हलवायचा, आतली गोळी खुळखुळ्यासारखी वाजली पाहिजे. बोट पत्र्याच्या बाहेर दाबायचं, सरळ रेषेत पत्र्यावरून न्यायचं आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. पत्र्याच्या मध्येच दाबलं की तिथे डबकं. पहिल्या हाताला तर पत्रा रंगल्यासारखा वाटतच नाही, गोवर आल्यासारखा दिसतो. तिथेच धीर सुटतो आणि माणूस "अजून जरासा" म्हणून बोट दाबून धरतो. मी डावीकडच्या पत्र्यावर नेमका तसा दाबला. एक ओघळ पार खालपर्यंत गेला. तो आजही आहे, सुकलेला, तळाशी थेंबासकट. बाकीचा रंग बघणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जाते. आत बघणारं कुणीच नसतं तर तो ओघळ मला इतका का खुपावा, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

चार हात झाले. दोन दिवस गच्चीवर उन्हात सुकवलं, वास जाईपर्यंत. टिकल्या सोलल्या. खाली पत्र्याची लख्ख गोल वर्तुळं निघाली. "अर्जंट आहे"वरची टेप काढली, तर डाळिंबी रंगात राखाडी पाटीसारखं ते उठून दिसायला लागलं. नव्या रिबेटा मारल्या, खुंट्या आवळल्या, बोर्ड बसवला. चालू केलं, चाललं. सगळं इतकं सरळ होतंय म्हणजे काहीतरी चुकलंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटी बाजूचा पत्रा सरकवायला गेलो. सरकेना.

चार हातांची मिळून जाडी साध्या कागदाएवढी. पण ज्या खाचेत तो पत्रा सरकतो तिथेही मी इमानेइतबारे चारही हात मारले होते आणि पत्र्याच्या आतल्या कडेलाही चार. दोन्हीकडून कागद आला आणि वीस वर्षं लोण्यासारखा सरकणारा पत्रा अडला. जोर लावला तर कर्रर्र आवाज आणि डाळिंबी भुगा. लगेच थांबलो. खाच घासायची तर पुन्हा सगळं उघडायचं. दिवाळीनंतर बघू, असं ठरलं. पत्रा कपाटामागे गेला आणि कॅबिनेट तसंच उघडं टेबलावर राहिलं. आता हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते आतून दिसतं. मुलीनं त्याच्यावर मोबाइलचा टॉर्च मारून मैत्रिणींना फोटो पाठवला. बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "आणि ओलीचं काय?"

खंडेनवमीला आमच्याकडे पूजेला विळी, कात्री, माझा रिबेटचा पाना, मुलीची सायकल आणि अर्थातच आईचा सीपीयू. दरवर्षी ती त्याला बाहेरून कुंकू लावते. या वर्षी बाहेर तसं फारसं उरलंच नव्हतं. ती कुयरी घेऊन खाली वाकली, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ आत बघत राहिली. मला वाटलं ओघळ दिसला.

"काय रे, याला आधीच लावलंयस की."

मी वाकून बघितलं. मागच्या कोपऱ्यात, एसएमपीएसच्या वरच्या स्क्रूजवळ, एक टिकली काढायची राहून गेली होती. डाळिंबी रंगाखाली, जराशी फुगीर.

आईनं कुयरी बाजूला ठेवली आणि झेंडूचं एक फूल सरळ आतच ठेवलं, बोर्डाखालच्या तळाच्या पत्र्यावर. "अगं, पंख्यात पाकळी जाईल," मी म्हणालो.

"मग पंखा लावू नकोस," ती म्हणाली. "पूजा केलेलं हत्यार आज चालवायचं नसतं."

मला एक मेल पाठवायचा होता. अर्जंट होता.