कारणाचा रकाना

पंचनाम्याच्या छापील नमुन्यात 'नुकसानीचे कारण' असा एक रकाना असतो. अतिवृष्टी, अवेळी पाऊस, गारपीट, वीज पडणे, आकस्मिक आग, यातलं एक लिहायचं आणि पुढे जायचं. मी तलाठी आहे. कागदोपत्री आता आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून 'तलाठी मॅडम'च. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात माझा सजा, म्हणजे माझ्याकडच्या गावांचा भाग, आहे. या रकान्यावर मी कधी पेन थांबवून बसेन असं वाटलं नव्हतं.

जानेवारी होता. आदल्या आठवड्यात अवेळी पाऊस झाला होता, त्याचे पंचनामे चालू होते. सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला: गावातल्या नानांची द्राक्षबाग रात्रीतून कापली.

लांबून काहीच कळत नव्हतं. वाय पद्धतीच्या मांडवावर पानं हिरवी, घड जागच्या जागी. कापलेली वेल लगेच सुकत नाही, उन्हं चढली की पानं माना टाकतात. खाली वाकले तेव्हा दिसलं. दीड एकर, 9 बाय 5 फुटांची लागवड, म्हणजे 1,400 वर झाडं. बांधाकडच्या दोन ओळी सोडल्या तर सगळ्या खोडांना करवत लागलेली. माल 16 ब्रिक्सच्या (साखरेच्या मापाच्या) पुढे गेलेला, व्यापारी सौदा करून गेलेला.

आमचे कृषी सहाय्यक खोडाजवळ उकिडवे बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. काप कुठे घेतलाय ते बघत होते. इथली बहुतेक बाग डॉगरीज या द्राक्षजातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या बुंध्यावर, कलम केलेली असते. कलमाच्या सांध्याच्या वर कापलं तर त्याच थॉमसनची, म्हणजे वरच्या खायच्या जातीची, नवी फूट येते, शेतकरी पुन्हा खोड आणि ओलांडे (आडव्या फांद्या) तयार करतो. सांध्याच्या खाली कापलं की वर येतो तो निव्वळ डॉगरीज, त्याला खायची द्राक्षं लागत नाहीत. इथे प्रत्येक झाड सांध्याच्या खाली कापलं होतं, अंधारात. "मॅडम, हा माणूस बागायतदार आहे," ते म्हणाले. मला ते तेव्हाच पटलं, आणि पंचनाम्यात ते लिहिता येणार नाही हेही तेव्हाच कळलं.

मग त्यांचं आणि माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, खुंट जिवंत आहे, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर नवीन कलम भरता येईल, मग झाड 100 टक्के नष्ट कसं लिहू? शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. पण कलम भरल्यापासून पहिलं पीक हातात यायला दीड-दोन वर्षं, आणि तोवर घर कशावर चालायचं, याला त्यांच्या तक्त्यात जागा नाही. शेवटी 'चालू हंगामाचे पीक 100 टक्के, झाडे खुंटापर्यंत नष्ट' असं लिहिलं. आमच्या खात्यातली बरीच भांडणं अशीच संपतात, दोघांचंही खरं असेल असं एक वाक्य शोधून.

पंच मिळेनात. पावसाच्या पंचनाम्याला लोक आपण होऊन सही करतात, इथे प्रत्येकाला अचानक दवाखान्यात जायचं होतं. कापणारा कोण याची गावभर कुजबुज होती, पण सही करायला कोणी पुढे येईना. पोलीस पाटील आणि नानांचे एक व्याही, यांच्या सह्यांवर निभावलं. आमदारांची गाडी दुपारी आली. मांडवाखाली फोटो निघाले. 'शासन तुमच्या पाठीशी आहे' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं.

नानांचा पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, पाऊस तर झालाच ना? पाऊसच लिहा की." जागेच्या नोंदीसकट फोटो अपलोड होतात आणि फोटोत करवतीचा काप स्पष्ट दिसतो, म्हणून नाही म्हणाले. फोटोचा नियम नसता तरी नाहीच म्हणाले असते. पण तो वेडंवाकडं मागत नव्हता, एवढं मला अजून वाटतं. मी लिहिलं: 'अज्ञात इसमांनी धारदार हत्याराने.'

हे चार शब्द लिहिले की सगळी दारं बंद होतात. पीक विम्याच्या अटींत हेतुपुरस्सर केलेलं नुकसान सरळ वगळलेलं आहे. फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो, आणि केंद्राला करवत मोजता येत नाही. बिबट्याने शेळी नेली किंवा रानडुकरांनी मका लोळवला तर वनखातं भरपाई देतं. शेतकऱ्याचा स्वतःचा खून झाला, तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेत घरच्यांना 2 लाख मिळू शकतात, कारण अपघातांच्या यादीत 'खून' आहे. बागेचा खून कुठल्याच यादीत नाही. गुन्ह्याच्या बळींना भरपाईची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात 2009 पासून आहे, नव्या संहितेतही ती आली. व्याख्येत 'हानी किंवा इजा' दोन्ही आहेत. पण राज्याच्या 2014 च्या योजनेचा तक्ता मृत्यू, अत्याचार, ॲसिड, अपंगत्व यांचा आहे. झाडांचा नाही.

समजा नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या निकषात बसलं असतं, तरी केंद्राचा बहुवार्षिक पिकाचा दर हेक्टरी 22,500 रुपये. राज्य त्यात कधी भर घालतं, कधी काढून घेतं. एकराला साधारण 9,100, म्हणजे झाडामागे साडेनऊ रुपये. नानांना मी हा हिशोब सांगितला नाही.

आमच्या आकड्याचा उपयोग झाला तो पोलिसांना. जुन्या दंडविधानात 50 रुपयांचं नुकसान आणि 50 लाखांचं नुकसान एकाच कलमात, 2 वर्षांच्या शिक्षेत बसायचं. न्यायसंहितेच्या कलम 324 मध्ये 1 लाख किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून ठाण्यातून मूल्यांकनाचं पत्र आलं आणि आम्ही ते झटपट दिलं. आरोपी सापडला तर न्यायालय त्याच्याकडून भरपाई देववू शकतं. सापडला नाही. प्रकरण 'अ' समरीत जाईल असं दिसतंय: गुन्हा खरा, आरोपी मिळत नाही.

बाग कापली त्याच दिवशी दुपारी मी पावसाच्या यादीतले उरलेले पंचनामे केले. ज्याच्याकडे गाव बोट दाखवत होतं, त्याच्या जमिनीचा गट त्या यादीत होता. मणी तडकले होते, मदतीला लागतं तसं 33 टक्क्यांच्या वर नुकसान स्पष्ट होतं. त्याने चहा विचारला, मी नको म्हटलं. पंचनामा मात्र व्यवस्थित केला, एक मणी इकडचा तिकडे केला नाही. कुजबुजीला रकाना नसतो, आणि नसावाच. तरी त्याच्या खात्यावर अनुदान जमा झाल्याची यादी चावडीवर मीच लावली, आणि नानांचा अहवाल 'शासन निकषात बसत नाही, दप्तरी दाखल' असा शेरा घेऊन माझ्याकडेच परत आला.

मी वर एक पत्र दिलं आहे: किमान जिल्हा पातळीवर अशा नुकसानीची वेगळी नोंद तरी ठेवा, लेखाशीर्षाचं, म्हणजे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे त्याचं, नंतर बघू. आवक क्रमांक मिळाला आहे.

परवा नाना सजावर आले. खुंटांना फूट आली आहे, कलमाच्या काड्या सांगून ठेवल्या आहेत. त्यांची अडचण वेगळीच होती. पीककर्जाचं नूतनीकरण आहे, आणि सातबाऱ्यावर द्राक्ष दिसलं तरच बँक द्राक्षाच्या दराने कर्ज देते. ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतकऱ्याने मोबाईलवरून करायच्या पीकनोंदीत, ते या वर्षी काय नोंदवणार, आणि तपासणीत मी ते मंजूर करणार का, हे त्यांना आधीच विचारून घ्यायचं होतं. डॉगरीज हे पीक यादीत नाही. मंडळ अधिकाऱ्यांना विचारून सांगते म्हटलं.