सान सिमोनला भरतीची वेळ बघून जा

स्पेनच्या गालिसियात, विगोच्या खाडीच्या आतल्या टोकाला सान सिमोन नावाचं चिमुकलं बेट आहे. तेराव्या शतकातल्या मेंदिन्यो या कवीचं एकच गीत आज उरलंय आणि ते या बेटावरचं आहे. तेवढ्यासाठी मी आणि ताई जूनमध्ये तिथे गेलो.

पहिला दिवस फुकट गेला. विगोहून लोकल गाडीने रेदोंदेलाला उतरलो, तिथून तीनएक किलोमीटर चालत सेसांतेसचा किनारा गाठला. बेट समोर दिसत होतं, पण बोटीत जागा नव्हती. आधी आरक्षण केल्याशिवाय निघू नका. बोटी मुख्यतः उन्हाळ्यात असतात. विगोत रेल्वेची दोन स्टेशनं आहेत, उर्साइस आणि गिशार. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते नीट बघा. पोर्तोहून येणारी गाडी गिशारला येते, आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं.

दुसऱ्या दिवशी बेटावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. काठाच्या खडकांवर शेवाळाचा काळपट-हिरवा पट्टा उघडा पडला होता. तासाभराने पाणी चढायला लागलं. उधाणाला इथलं पाणी साडेतीन-चार मीटरपर्यंत चढतं. आम्ही पायऱ्यांवर बसून गीत मोठ्याने वाचलं. बाई देवळात प्रियकराची वाट बघत बसलीय, आणि मोठमोठ्या लाटांनी तिला वेढलंय. पुढच्या कडव्यात तेच, फक्त शेवटचे शब्द बदललेले: आता ती वेदीसमोर आहे. मग नावाडी नाही, वल्हवणारा नाही, आणि धृपद तेच, मी माझ्या सख्याची वाट बघतेय. कडव्यागणिक गोष्ट जेमतेम एक पाऊल सरकते. घरी वाचताना ही पुनरुक्ती मला रटाळ वाटायची. इथे मात्र एकेक पायरी पाण्याखाली जाताना पाहिली आणि कळलं, भरती अशीच चढते.

ही 'कांतिगा द अमिगो', म्हणजे पुरुष कवीने स्त्रीच्या तोंडून गायलेलं विरहगीत. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या विराण्या त्याच शतकातल्या. तिथे सखा विठ्ठल असतो, इथे हाडामांसाचा माणूस. पण वाट बघणं ओळखीचं वाटलं.

बेटावर 1936 ते 1943 या काळात हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीचा कैद्यांचा तळ होता. तो भाग घाईने उरकू नका. पाणी आणि खाणं सोबत न्या.

विगो शहर याच परंपरेतल्या मार्तिन कोदाश या कवीचं. त्याची सात गीतं असलेलं चर्मपत्र रोमन लेखक सिसेरोच्या पुस्तकाच्या बांधणीत सापडलं आणि 1914 मध्ये जगापुढे आलं. सहा गीतांना सुरावट लिहिलेली आहे. या परंपरेतल्या प्रेमगीतांच्या चाली जवळपास सगळ्या हरवल्या. टिकल्या त्या कोदाशच्या आणि पोर्तुगालचा राजा दिनिशच्या काही. पण ते चर्मपत्र विगोत शोधू नका, ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. गीतं मात्र लिस्बनच्या नोव्हा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. फोनवर उतरवून घ्या.

एका गीतात कोदाशची नायिका प्रेम करणाऱ्या सगळ्या जणींना हाक मारते, चला माझ्याबरोबर विगोच्या समुद्रावर, लाटांत न्हाऊ. शेवटच्या संध्याकाळी ताई सामिलच्या किनाऱ्यावर खरंच पाण्यात उतरली. टॉवेल न्या, जूनमध्येही पाणी चांगलंच गार असतं.